ऐकण्याजोगा मुलूख

दिवाळीची सुटी तोंडावर आली की आपल्याकडील घराघरांतून एक बैठक भरते. फराळाची ताटे बाजूला सरतात, रेल्वेचे वेळापत्रक निघते आणि यंदा कोठे जायचे याचा खल सुरू होतो. कान्हा झाले, रणथंभोर झाले, खजुराहो दोनदा झाले, मांडव तर शाळेच्या सहलीतच उरकले. हे ‘झाले’ मोठे मौजेचे आहे. विजेचे बिल भरून व्हावे, तसे आपले कान्हा होते. पहाटे जीपमध्ये बसायचे, वाघ दिसला तर धन्य, न दिसला तर पैसे बुडाले. दुपारी मुक्कामी येऊन जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी यादीतील पुढच्या नावावर खूण करायची.

मी पेशाने गायनशिक्षक. माझा सारा व्यवहार कानाशी. पोर समोर येऊन बसले की त्याला काही दाखवीत नाही. तंबोरा लावतो आणि ‘ऐक’ म्हणतो. षड्ज कानात बसल्याशिवाय गळ्यात येत नाही. प्रवासाचेही मला अलीकडे तसेच वाटू लागले आहे. किल्ला काय, अरण्य काय, गाव काय, यांना स्वतःचा एक आवाज असतो, आणि तो ज्याने ऐकला नाही त्याने ती जागा पाहिली खरी, पण त्याची तिच्याशी ओळख झाली नाही. हे केवळ गायनमास्तरांचे तत्त्वज्ञान वाटेल, म्हणून एका मुलखाचे उदाहरण देतो. तो आपल्यापासून फार दूर नाही, आणि आपल्या कोणाच्याच यादीत नाही.

दोन समुद्रांच्या मध्ये

इटारसीहून नागपूरकडे निघालेली गाडी बैतूल, आमला, मुलताई अशी सातपुडा उतरत पांढुर्ण्याला येते. पांढुर्ण्याच्या पूर्वेला, रस्त्याने तासाभराच्या अंतरावर सौंसर. नागपूर येथून हाकेवर, सौंसरहून तर साठ-पासष्ट किलोमीटरच. मध्य प्रदेशाच्या नकाशाचे हे दक्षिणेकडील टोक. संगीताच्या परीक्षांच्या निमित्ताने मला या भागात काही वेळा जावे लागले. परीक्षा दोन दिवसांची असे, मी चार दिवस राहत असे.

मुलताईस तापी उगम पावते हे आपण भूगोलात शिकलो. ती पश्चिमेला सुरतेकडे जाऊन अरबी समुद्राला मिळते. तेथून थोडे पुढे पांढुर्ण्याला यावे, तर गावातून वाहणारी जाम नदी तापीकडे पाठ फिरवून पूर्वेला निघालेली. जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला आणि तेथून बंगालच्या उपसागराला. पाऊस एकाच आभाळातून पडतो. मुलताईच्या माथ्यावर पडलेला थेंब एका समुद्राला जातो आणि गाडीच्या दोन-तीन स्थानकांपलीकडे पडलेला दुसऱ्या समुद्राला.

माणसांच्या बाबतीतही असेच एक पाणलोट येथे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे सौंसरच्या शेतकऱ्याला कचेरीचे काम आणि संत्र्यांचा बाजार एकाच दिशेला सापडत असे. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातील घाटाखालचा हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. म्हणजे आज मध्य प्रदेशात असा एक जिल्हा आहे, की ज्याच्या बाजारात, शेतात आणि स्वयंपाकघरात मराठी बोलली जाते आणि ज्याच्या कचेरीच्या पाट्या हिंदीत आहेत.

येथली मराठी आपल्या कानाला प्रथम जरा परकी वाटते. ‘मला’चे ‘मले’, ‘पाहायला’चे ‘पाहाले’, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एक गोड ‘जी’. जोडीला भोयर पवारांची स्वतःची पवारी बोली, आणि घाटावर चढलात की गोंडी. पांढुर्ण्याच्या बाजारात संत्री घेताना एका म्हाताऱ्या बागाईतदाराने मला विचारले, “कोठचे जी तुमी?” मी इंदूर म्हटले. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. “इंदूरचे अन् मराठी बोलता?” आमचे घराणे होळकरशाहीपासूनचे असल्याचे मी सांगितले. त्याने तराजूत आणखी दोन फळे टाकली आणि म्हणाला, “मंग तं आपलेच झाले जी! वाघ पाहाले चालले का?”

त्या दोन फळांनी मला विचारात पाडले. आपण संस्थानी गावांतले मराठी लोक आपली भाषा वाड्यातल्या समईसारखी जपतो. गणपती, शारदोत्सव, नाट्यप्रयोग, हळदीकुंकू यांच्या आधारावर ती तेवते. आपले पूर्वज अठराव्या शतकात घोड्यावर बसून येथे आले आणि ती बरोबर घेऊन आले. पांढुर्ण्याचा माणूस कोठून आलेला नाही. तो आपल्या मातीत उभा आहे. हद्द त्याच्या डोक्यावरून गेली. त्याची मराठी कोणत्याही मंडळाच्या आश्रयावाचून, बैलाशी बोलत, कापूस वेचीत, बाजारात घासाघीस करीत जिवंत राहिली. परंतु तिचीही परीक्षा आता सुरू आहे. आजोबा ‘जी’ लावून बोलतात, नातू शाळेतून हिंदी घेऊन येतो आणि शहराच्या नोकरीसाठी इंग्रजी. तीन पिढ्या एका ओसरीवर बसल्या की तिन्ही ऐकू येतात. आपल्या घरांतून हेच चालले असल्यामुळे मला ते ओळखायला वेळ लागला नाही.

दगड, शिटी आणि गोटमार

सौंसर हे नाव भूशास्त्रज्ञांना जगभर ठाऊक आहे. मँगनीज असलेल्या येथील अतिप्राचीन खडकांच्या समूहाला त्यांनी सौंसरचेच नाव दिले, आणि फर्मोर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मँगनीजयुक्त गारनेट आणि गारगोटी यांच्या एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ म्हटले. ज्या राजवंशाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आटोपते, त्याच्या जमातीचे नाव दगडावर कोरले गेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या भागाचा दुसरा आवाज मात्र गेला. नागपूर ते छिंदवाडा या मार्गावर बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी धावत असे. सावनेर, सौंसर, रामाकोना करीत ती घाटाला लागली की तिचा ठेका बदले. सपाटीवरचा द्रुत संपून विलंबित सुरू होई, आणि प्रवासी खाली उतरून चालू लागले तरी गाडी चुकणार नाही, अशी थट्टा होई. २०१५ साली तो अरुंद मार्ग बंद झाला, आणि पुढे रुंद रुळांवरून मोठ्या गाड्या आल्या. सोय झाली, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला शिटीच्या सुरापेक्षा वेळेवर पोचणारी गाडी हवी. जुनी इंजिने आणि डबे नागपूरच्या मोतीबागेतील संग्रहालयात उभे आहेत. मुलांना तेथे जरूर न्यावे. फक्त संग्रहालयात इंजिन दिसते, ऐकू येत नाही.

पांढुर्ण्याचे नाव वर्तमानपत्रांत येते ते मात्र एकाच दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जामच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. नदीच्या मध्यात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. झेंडा तोडून चंडीमातेच्या देवळात नेला की खेळ संपतो. एका तीरावरचा मुलगा आणि दुसऱ्या तीरावरची मुलगी पळून जात असता नदीतच अडकले आणि दगडांखाली गेले, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, कित्येकांचे प्राण गेले आहेत. शासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. ते कोणी मनावर घेतले नाही. ही ‘गोटमार’ पाहण्यासाठी बाहेरून माणसे जातात. माझे मत स्पष्ट आहे, की जाऊ नये. गावकऱ्यांचा तो आपसातला हिशेब आहे आणि तो थांबवायचा कसा हे त्यांनाच ठरवावे लागेल. परंतु गच्चीवर उभ्या राहिलेल्या पाहुण्यांची गर्दी त्या दगडांना जोर आणते. टाळ्या मिळाल्या की कोणताही कलावंत तान लांबवितो, आणि येथे तान दगडांची आहे.

शांत जागा हवी असेल तर सौंसरजवळ जामसावळीला जावे. येथील हनुमंत उभा नाही, बसलेला नाही. पिंपळाच्या सावलीत आडवा पहुडलेला आहे. बलभीमाला निजलेला पाहिल्यावर भाविकांचाही आवाज आपोआप खाली येतो. शनिवार-मंगळवारची गर्दी टाळून पहाटे गेल्यास पिंपळाची सळसळ कानी पडते.

नागपूरचे आजोळ

आता किल्ल्याकडे वळू. सौंसरहून रामाकोना, पुढे सिल्लेवानीचा घाट, मग उमरानाला आणि मोहखेड, असा रस्ता देवगडला जातो. खोल दऱ्यांनी वेढलेल्या एका उंच डोंगरावर हा गोंड राजांचा गड आहे. छिंदवाड्याहून तो सुमारे चाळीस किलोमीटर पडतो. शिवरायांचे गड पाहण्याचा ज्यांना सराव आहे त्यांना चढण अवघड नाही, परंतु पाणी बरोबर ठेवावे आणि सकाळी लवकर निघावे.

येथला पहिला मोठा राजा जाटबा. अकबराच्या काळातला. ‘ऐन-ए-अकबरी’त त्याच्या पदरी २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि १०० हत्ती असल्याची नोंद आहे. आकडे दरबारी असतील, थोडे फुगवलेलेही असतील. पण दिल्लीच्या कारकुनाला त्यांची दखल घ्यावी लागली, हे खरे. याच वंशात पुढे बख्त बुलंद झाला. त्याने औरंगजेबाच्या दरबारी जाऊन इस्लाम स्वीकारला, कधी बादशहाची मर्जी संपादली, कधी त्याच्याशी वैर घेतले, आणि घाटाखाली नाग नदीच्या काठची बारा खेडी एकत्र करून १७०२ साली एक नगर वसविले. तेच नागपूर. त्याच्यामागून चांद सुलतानाने राजधानी देवगडहून नागपुरास हलविली, गावाला तट बांधला, जुम्मा तलाव बांधला. १७३९ साली तो वारल्यावर वारसाचे भांडण लागले. राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले. मदतीला आलेले रघूजी काही वर्षांतच राज्याचे धनी झाले, आणि गोंड राजा नावापुरता गादीवर राहून तनखा घेऊ लागला.

आपण मराठी माणसे नागपूरचा इतिहास भोसल्यांपासून सुरू करतो. तो सुरू होतो देवगडच्या डोंगरावर. शिंदे-होळकरांच्या गावांतील आपल्या घरांना हे कळायला हवे, कारण आपलीही गावे आपण आलो तेव्हा ओसाड नव्हती.

गडावर आज पडझड फार. बादल महालाच्या भिंती, कचेरीचे अवशेष, मोती टाके. या टाक्याचे पाणी इतके नितळ की तळाचा पैसा दिसतो, असे सांगतात. या परिसरात एके काळी आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या, असे लोक म्हणतात. मोजणी कोणी केली ते देव जाणे. पण झाडोऱ्यात बुजलेल्या कित्येक बावड्या अलीकडच्या वर्षांत गाळ काढून मोकळ्या केल्या गेल्या आणि त्यांत पुन्हा पाणी दिसू लागले आहे. चढणीवर राजधानी वसवायची तर आधी पाण्याची तरतूद, हे त्या लोकांनी पुरते ओळखले होते.

मला स्वतःला तेथे थांबविले ते नगारखान्याने. बाकीच्या पडझडीत तो बऱ्यापैकी उभा आहे. वारा असतो, दरीतून एखादी घार शीळ घालते, बाकी सामसूम. आमचे तीर्थरूप होळकर दरबारच्या शेवटच्या वादकांपैकी. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. ते सांगत, की नगारखान्याचा खरा उपयोग राजाला जागे करणे हा नव्हेच. गावातल्या शेवटच्या घराला आपण कोणाच्या तरी छायेत आहोत, हे दिवसातून ठरावीक वेळी कळावे, म्हणून तो वाजायचा. नगारा थांबला की राज्य गेले, हे शिलालेखावाचून समजते. वडिलांच्या बाबतीत ते एका तारखेने समजले. पुढे त्यांनी शिकवण्या केल्या, घरोघरी सायकलने जाऊन मुलींना ‘सारेगम’ शिकविले, आणि त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही.

म्हणूनच देवगडला गेले की मला परधानांची आठवण होते. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. तीन तारांचे, गजाने वाजवावयाचे ‘बाना’ नावाचे वाद्य घेऊन ते यजमानाच्या दारी जात, बडादेवाचे स्तवन करीत, गोंड राजांच्या वंशावळी आणि पराक्रम गात. लिखित कागद नव्हता. राजवंशाचे सारे दफ्तर या गवयांच्या गळ्यात. त्यांच्यावरचा पहिला मोठा ग्रंथ एका मराठी माणसाने, व्हेरिअर एल्विन यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी, १९४६ साली इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांनी वर्णन केलेले परधान नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातले. पण यजमान गरीब झाला की गवयाची झोळी रिकामी राहते, ही गोष्ट साऱ्या गोंडवनात सारखीच घडली. १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी फिरणाऱ्या मंडळींना पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा परधान तरुण सापडला. त्याने गाण्यातले देव भिंतीवर आणि कागदावर काढले, आणि आज जगभर गाजणारी ‘गोंड चित्रकला’ उभी राहिली. ही चित्रे आपण दिवाणखान्यात लावतो. ती मुळात गाणी होती. भोपाळला मी बाना ऐकला आहे. त्याचा स्वर सारंगीच्या मानाने खरखरीत, पण गाणाऱ्याच्या आवाजाला असा चिकटून चालतो की कोणता गळ्याचा आणि कोणता तारेचा, हे सांगणे कठीण जावे.

राजा गेल्यावर गवयाचे काय होते, या प्रश्नाची दोन उत्तरे मला अशी माहीत आहेत. एक आमच्या घरात सायकलवरून फिरले, दुसरे रंग होऊन भिंतीवर बसले. देवगडच्या त्या नगारखान्याखाली कोणी बाना वाजवीत बसला आहे आणि चार कुटुंबे ऐकत आहेत, असे दृश्य मला पाहावयाचे आहे. शासनाने माहितीचा फलक लावावा, रस्ता नीट ठेवावा, हे तर झालेच. परंतु गडाची गोष्ट सांगायला ज्याच्या पूर्वजांचे ते कामच होते असा माणूस त्या मुलखात मिळणे अशक्य नाही. त्यासाठी आधी ऐकणारे तेथवर गेले पाहिजेत.

वाघ कानाला सापडतो

गडाच्या पूर्वेकडे पेंचचे अरण्य. पेंच नदी या अरण्याच्या मधून वाहते आणि पुढे कामठीजवळ कन्हानला मिळते, म्हणजे पांढुर्ण्याच्या जामचे आणि पेंचचे पाणी अखेर एकच होते. मध्य प्रदेशाकडील भाग १९७७ साली अभयारण्य, १९८३ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९२ साली व्याघ्र प्रकल्प झाला; महाराष्ट्राकडील भाग १९७५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्प. तुरिया आणि कर्माझिरी ही दारे सिवनी जिल्ह्यात, जमतरा छिंदवाडा जिल्ह्यात. कान्हा सालवृक्षांचे, पेंच सागाचे. रड्यार्ड किपलिंगने १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये मोगलीला सिवनीच्या डोंगरांत आणि वैनगंगेच्या काठी नांदविले, स्वतः मात्र तो येथे कधी आला नव्हता. त्याने हा मुलूख इतरांच्या लिखाणातून ऐकला आणि लिहिला, आणि जे पाहून गेले त्यांच्यापेक्षा त्याचेच लिखाण टिकले.

जंगलात शिरल्यावर वाटाड्या काय करतो, याकडे लक्ष द्यावे. मधेच तो गाडी थांबवितो, यंत्र बंद करावयास लावतो आणि मान किंचित वाकडी करून उभा राहतो. बैठकीत षड्ज लावताना जाणता साथीदार असाच करतो. तो वाघ पाहत नसतो. वाघाबद्दल इतर काय बोलतात ते ऐकत असतो. झाडाच्या शेंड्यावरून वानर खोकल्यासारखे ‘खक्-खक्’ करते, खाली चितळ तीक्ष्ण हाक देते. पण चितळ भित्रे, पान हलले तरी ओरडेल. त्यामुळे जाणता वाटाड्या तेवढ्यावर गाडी हाकत नाही. सांबराचा जड, घंटेसारखा ‘ढाँक्’ आला, की त्याचा चेहरा बदलतो. सांबर सहसा उगाच बोलत नाही. कोण बोलले, कोठून बोलले, किती वेळ बोलले, आणि आवाज कोणत्या दिशेने सरकतो आहे, यावरून तो रानात न दिसणाऱ्या एका चालत्या प्राण्याची रेघ काढतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी श्रुतींचा फरक ओळखायला वर्षानुवर्षे सांगतो. त्या वाटाड्याला तो पोटासाठी ओळखावा लागतो. शिवाय रानात भृंगराज नावाचा एक नकलाकार आहे. शेपटीला दोन लांब तारा असलेला हा काळा कोतवाल इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, तेव्हा त्यालाही वगळावे लागते.

याच रानात टी-१५ नावाची वाघीण होती. गळ्यात रेडिओचा पट्टा असल्यामुळे लोक तिला ‘कॉलरवाली’ म्हणत. आठ विणींत तिने २९ बछड्यांना जन्म दिला आणि जानेवारी २०२२ मध्ये ती वारली. दिवसाढवळ्या रस्त्यावर येणारी ही वाघीण हजारोंनी पाहिली. तिच्यामुळे पेंच भरभराटीला आले, जीपा वाढल्या, वस्तीगृहे वाढली. आणि तिच्यामुळेच पाहुण्यांना वाटू लागले, की वाघ दिसणे हा तिकिटात धरलेला हक्क आहे.

आता एक विसंगती सांगतो. नागपूर-जबलपूरचा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या रानाला चिरून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्राच्या बाजूस जनावरांसाठी नऊ भुयारी वाटा सोडल्या. सर्वांत लांब तब्बल ७५० मीटरची. वाघापासून रानकुत्र्यापर्यंत अनेक जातींचे प्राणी त्यांतून ये-जा करीत असल्याचे कॅमेऱ्यांत दिसले आहे. सिवनीच्या बाजूस तर रस्त्याच्या कडेला चार मीटर उंचीच्या भिंती उभारल्या, त्या गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा झोत रानात जाऊ नये म्हणून. एवढा पैसा ओतून देशाने प्राण्यांना शांतता दिली. आणि त्याच रानात आत गेलेल्या जीपेतून ‘अरे तो बघ, तो बघ!’ अशी आरोळी उठते, बिस्किटांचे पुडे कुरकुरतात, लहान मूल रडते तर त्याला मोबाइलवर गाणे लावून देतात. भिंत आवाज बाहेरून अडविते. आतल्या आवाजावर तिचा इलाज नाही.

अंधाराचेही तसेच. महाराष्ट्राकडील पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘काळोख्या आकाशाचे उद्यान’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. गावांतले दिवे खाली वळवून तेथे आकाश जपले आहे. शहरातल्या मुलांनी आकाशगंगा पुस्तकात पाहिली असेल; येथे थंडीत चादर घेऊन बसावे, ती डोक्यावर दिसते.

या रानाशी नागपूरचे नाते केवळ सहलीचे नाही. तोतलाडोह येथे पेंच अडविली आहे आणि नागपूर शहर पिते ते मुख्यतः पेंचचे पाणी. म्हणजे ज्या डोंगरांतून नागपूर जन्मले, त्याच डोंगरांच्या आसऱ्याला असलेल्या रानातून त्याला पाणी मिळते. रान राखण्यासाठी काही खेड्यांना आपली घरे सोडून बाहेर यावे लागले, त्यांचेही त्या पाण्यात देणे आहे. वाटाड्या बहुधा अशाच एखाद्या काठच्या गावचा असतो. वाघ न दिसल्याबद्दल त्याच्यावर चिडणाऱ्या पाहुण्याने एकदा एवढे ध्यानात घ्यावे.

जायचे असल्यास

ज्यांच्या घरी अजून बैठक चालू आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. अरण्याचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो, १ ऑक्टोबरला उघडतो. मध्य प्रदेशाच्या बाजूस बुधवारी दुपारची फेरी नसते. परवाने आधी काढावे लागतात. दिवाळीत तर फार आधी. वाघासाठी चैत्र-वैशाखाचा उन्हाळा बरा. गड, बागा आणि आकाश यांसाठी कार्तिक ते माघ. याच दिवसांत आंबिया बहाराची संत्री बागांतून भरून निघत असतात, आणि पांढुर्णा-सौंसरच्या रस्त्याला त्यांचा वास असतो. चार दिवस धरावेत. एक दिवस पांढुर्णा आणि जामसावळी, एक देवगड, दोन पेंच. यापेक्षा जास्त काही त्या चार दिवसांत कोंबू नये.

मुलांना एक काम द्यावे. रोज संध्याकाळी त्यांनी वहीत त्या दिवशी ऐकलेले पाच आवाज लिहावेत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी असे लिहून आणले. एकीने पहिल्या दिवशी ‘हॉर्न, हॉर्न, इंजिन, आई, टीव्ही’ असे लिहिले होते. तिसऱ्या दिवसाच्या पानावर सांबर होते, नगारखान्यातला वारा होता, आणि संत्र्यांच्या टोपलीशी बसलेल्या एका आजीचे ‘घ्या नं जी’ होते. तो ‘जी’ तिने स्वरलिपीत लिहिला होता: खालून वर जाणारी छोटीशी मींड. तपासून पाहिले, बरोबर होते.

त्या आजींशी मराठीतच बोलावे. आपल्या मुलांनाही बोलू द्यावे, चुकले तरी. सीमेच्या त्या बाजूला आपली भाषा जशी बोलली जाते तशी ती ऐकून घ्यावी, दुरुस्त करू नये. आणि त्यांनी ‘कोठचे जी तुमी?’ असे विचारले, तर आपल्या गावाचे नाव सांगून थोडा वेळ थांबावे. पुढचे बोलणे बहुधा तेच सुरू करतात.